तापलेल्या एक्सलवर पाणी

यारुबची ही जन्माची खोड. काम काढायचं ते नेमकं नको त्या वेळी, आणि आईनं विचारलं की दात काढायचे. बापाच्या मयतीच्या आठवड्यात यानं घराचं छप्पर उतरवलं होतं. धाकट्या बहिणीच्या लग्नात पाहुणे दारात आले तेव्हा हा स्वयंपाकघराची भिंत पाडून मातीनं माखून उभा. आणि आता बायकोला नववा लागलेला, पोटातलं मूल आडवं, डोंगराखालच्या रुस्ताकच्या डॉक्टरणीनं बोट नाचवून बजावलेलं की कळ आली रे आली की खाली या, हे मूल पोट चिरूनच काढावं लागेल. अशा वेळी या शहाण्यानं गाडीची पुढची चाकं काढून ती दगडांवर चढवून ठेवली होती.

झुवैना कहव्याची किटली घेऊन अंगणात आली तेव्हा यारुब गाडीखाली उताणा पडला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे पाय. तिनं काठीनं एका पायाला टोचलं.

"जिवंत आहेस का?"

"आहे, उम्मी."

"मग बाहेर ये आणि मला सांग, उद्या रय्याला कळा सुटल्या तर तिला काय खांद्यावर घालून नेणार?"

"उद्या नाही सुटत. अजून तीन आठवडे आहेत. शनिवारी मी तिला रुस्ताकला तिच्या मावशीकडे नेऊन ठेवतोच आहे. त्याच्यासाठीच तर हे काम."

"काय काम?"

यारुब सरपटत बाहेर आला. कपाळाला ग्रीस, दाढीत गंज. त्यानं हातातला जाडजूड लोखंडी दांडा आईसमोर धरला, जणू बाजारातून हलवा आणला आहे. "पुढचा एक्सल. कारखान्याचा आहे तो आपल्या घाटाला पुरत नाही. आतले शाफ्ट हे असे जाड घालतोय, आणि ज्या नळीत ते बसतात तिच्या पोटाखालून लोखंडी पट्टी वेल्ड करतोय. मग कितीही दगड येऊ दे."

"वीस वर्षं तुझा बाप त्याच एक्सलवर खजुराची पोती, बकऱ्या आणि तुम्हा पाच जणांना घेऊन उतरला. तेव्हा पुरत होता."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळं होतं? डोंगर लहान होता?"

यारुब हसला आणि परत गाडीखाली गेला. झुवैनाच्या लक्षात आलं की हसताना यानं आपल्याकडे बघितलं नाही. ती खाली बसली, कपात कहवा ओतला आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या चाकांकडे बघत राहिली. गेल्या वर्षी यानं हे टायर बसवले होते. कमरेपर्यंत येणारे, रेड्याच्या पाठीसारखे रुंद. खालच्या गावातली पोरं फोन काढून गाडीचे फोटो घेत, आणि हा पुढच्या काचेआड छाती फुगवून बसे. शाळेची पायरी झुवैना दोन वर्षंच चढली होती, पण चाक जड झालं की ज्याच्यावर ते फिरतं त्याला ओढ बसते, हे कळायला शाळा लागत नाही.

"काय मोडलं?" तिनं विचारलं.

गाडीखाली पान्याचा आवाज थांबला.

"यारुब. काय मोडलं, आणि कुठं?"

"चाकाजवळचा जॉइंट," खालून आवाज आला. "गेल्या महिन्यात. शेळीच्या गळ्यावर चढताना. फट् करून आवाज झाला आणि गाडी मागं सरकली. थोडीच. ब्रेक लागला."

शेळीचा गळा म्हणजे घाटातलं ते वळण, जिथं रस्ता एका बाजूला कड्यात घुसतो आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. झुवैनानं कप खाली ठेवला.

"गाडीत कोण होतं?"

"रय्या."

त्या दिवसापासून भीती घरात राहायला आली. झुवैना पीठ मळताना ती शेजारी असे, नमाजाला वाकताना पाठीवर बसे. सून अंगणातून चालत गेली तरी म्हातारीचे कान तिच्या श्वासाकडे. रय्या मात्र शांत. सासूला ती अम्मती म्हणे, आणि तिची बोलणी कानाआड करायला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकली होती.

"अम्मती, तुम्ही माझ्याकडं अशा बघता जणू मी फुटायला आलेली घागर आहे."

"घागर फुटली तर दुसरी आणता येते. बस खाली."

मंगळवारी वेल्डिंग होतं. यारुबनं मशिदीच्या कामावरून यंत्र मागून आणलं, जनरेटर सुरू केला आणि काळी काच डोळ्यांवर धरून एक्सलच्या नळीला पट्टी जोडायला बसला. निळा उजेड अंगणाच्या भिंतींवर थरथरत होता. बकऱ्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभ्या. आणि नेमका त्याच दिवशी पाण्याचा वार.

हैल गावात फलजचं, म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाटाचं, पाणी घराघरांना पाळीनं मिळतं. चौकातल्या खांबाची सावली रेघेवर आली की म्हातारा नबहान नाव घेऊन हाक मारतो, आणि ज्याचं नाव त्यानं धावत जाऊन पाटातला दगड सरकवायचा. उशीर झाला तर तेवढं पाणी खालच्या बागेत गेलं म्हणून समजा. परत पाळी आठ दिवसांनी. तिथं भाऊ भावासाठी थांबत नाही.

नबहानची हाक आली. यारुब उठला नाही.

"यारुब! पाणी!" झुवैना चुलीजवळून ओरडली.

"पाच मिनिटं, उम्मी! लोखंड लाल आहे, मध्येच सोडता येत नाही!"

"लाल असो नाहीतर हिरवं असो! माझी लिंबाची झाडं काय तुझ्या लोखंडाच्या रसावर जगणार आहेत? आधीच्या मंगळवारीही तू उशीर केलास. सगळं गाव म्हणेल, झुवैनाच्या घरात पाणी धरायला माणूस उरला नाही! ऊठ म्हणते ना!"

जनरेटर बंद झाला. मग बादलीची कडी वाजली, आणि त्यापाठोपाठ एक आवाज आला. चर्रर्र. लांबलचक, ओला, तापलेला. वाफेचा वास चुलीपर्यंत आला. नंतर यारुबच्या धावत्या पावलांचा आवाज पाटाच्या दिशेनं गेला.

झुवैनाचे हात पिठात तसेच राहिले.

तिचा बाप लोहार होता. कोयते, कुदळी, दाराच्या बिजागऱ्या बनवायचा. ती सहा वर्षांची असल्यापासून भात्यापाशी बसे, आणि लोखंड कधी पाण्यात बुडवायचं आणि कधी राखेत पुरून सावकाश निवू द्यायचं, हे तिला अक्षरांच्या आधी कळलं होतं. सुरीच्या पात्याला तो पाणी पाजायचा. पण कुदळीच्या मानेला कधी नाही, कारण जिथं सतत धक्का बसतो तिथलं लोखंड अचानक थंड केलं तर वरून कडक होतं आणि आतून काचेसारखं तडकतं. तो चर्रर्र आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता.

बोलायला हवं होतं. परत येऊ दे, मग सांगू, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण सांगायचं कसं? या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा सासू चारचौघींत म्हणायची, "लोहाराची पोर, हिच्या भाकरीला कोळशाचा वास येतो." त्या दिवसापासून झुवैनानं भात्याचं, ऐरणीचं, बापाच्या हातोड्याचं नाव या उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. सासू मेली, नवरा गेला, घरात तिचाच शब्द चालू लागला, तरी नाही. आणि आता पोराच्या वेल्डिंगसाठी ते काढायचं? शिवाय नव्या यंत्रांतलं तिला काय कळतं, असंही मनात आलं. तसं म्हणणं सोपं होतं.

यारुब पाणी धरून आला, खूश होता. "लिंबं भिजली, उम्मी."

"बरं," ती म्हणाली, आणि पीठ मळत राहिली.

बुधवारी चाकं चढली. गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर रय्या भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अम्मती, माझे पाय ओले झालेत."

गावातली दुसरी गाडी मस्कतला गेली होती. यारुबनं आडव्या मुलाचं सांगून हेलिकॉप्टरसाठी फोन केला, पण सकाळपासून डोंगर ढगात बुडालेला. ढग उठल्याशिवाय उडता येणार नाही, असं उत्तर आलं. रुग्णवाहिका वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, तोंडापर्यंत येईल, जिथं डांबरी रस्ता संपतो. तिथपर्यंत यांनी उतरायचं. झुवैनानं गाद्या मागच्या बाजूला टाकल्या, सुनेला कुशीवर निजवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. यारुबनं गाडी सुरू केली.

पहिली दहा वळणं झाली. रय्याच्या कळा मोजायच्या होत्या, पण झुवैनाचे कान पुढच्या चाकांकडे होते. गाडी उतरते तेव्हा सगळा भार पुढं येतो. प्रत्येक दगडावर एक्सल धडधडे, आणि प्रत्येक वेळी तिला तो चर्रर्र आवाज ऐकू येई. ढग काचेला चिकटून चालत होता. कड्याच्या बाजूला पांढरं, फक्त पांढरं. खाली किती आहे ते दिसत नव्हतं, आणि ते न दिसणंच वाईट होतं.

मग खालून एक आवाज आला. मोठा नव्हता. वाळकं लाकूड उन्हात तडकतं तेवढाच.

"थांब," झुवैना म्हणाली.

"उम्मी, आता थांबायला वेळ—"

"थांब म्हणते!"

यारुबनं ब्रेक दाबला. झुवैनानं रय्याचं डोकं गादीवर ठेवलं, खाली उतरली, ओढणी कमरेला खोचली आणि रस्त्यावरचा मुठीएवढा दगड उचलला. सत्तरीची बाई गाडीच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली आणि हात आत घालून एक्सलची नळी दगडानं ठोकू लागली. मधल्या गोळ्याजवळ, टण्. जरा पुढं, टण्. उजव्या चाकाकडं, टण्. मग डाव्या चाकाकडं, जिथं पट्टीचं टोक नळीला जोडलं होतं.

ठक्.

तिनं पुन्हा ठोकलं. ठक्. चिरलेल्या मडक्याचा आवाज. तिनं बोट फिरवलं. जोडाच्या कडेनं केसाएवढी रेघ, आणि त्या रेघेतून तेल पाझरत होतं.

"काय करतेस तू?" यारुब शेजारी वाकला होता.

"तडकलंय. पट्टी नाही, नळीच. आणखी दोन मोठे दगड, की चाक आडवं पडेल."

"तुला कसं—"

"माझा बाप लोहार होता म्हणून!" ती ओरडली. डोंगरानं ते दोनदा परत ऐकवलं. "तू त्याच्यावर पाणी ओतलंस ना? मंगळवारी? मी ऐकलं ते. ऐकून गप्प बसले."

यारुबचा चेहरा ढगासारखाच पांढरा झाला. त्यानं पुढं बघितलं. शेळीचा गळा शंभर पावलांवर होता.

आत रय्या कण्हली. आधी हळू, मग हळू नाही.

माझ्यामुळं ही पोर मरणार. तिच्या पोटातलंही. हे एवढंच झुवैनाच्या डोक्यात वाजत राहिलं. मग तिनं स्वतःच्या मांडीवर एक चापट मारली, जशी हट्टी बकरीला मारतात.

"फोन लागतो ना इथं? लाव. रुग्णवाहिकेच्या माणसांना सांग, वाट बघत बसू नका, स्ट्रेचर घेऊन चढायला लागा. आत्ता. गाडी पोचलीच तर बरं, नाही पोचली तर ते अर्ध्या वाटेवर असतील."

यारुबनं फोन लावला. माणसं निघतो म्हणाली; पाऊण तासाची चढण.

"आता पुढचं जे जे सामान आहे ते मागं टाक. अवजारं, पाण्याचे डबे, सगळं. टायरची हवा निम्मी सोड, धक्का कमी बसेल. रय्या आणि मी बकऱ्यांच्या पायवाटेनं खालच्या रस्त्यावर उतरतो. तू एकटा वळण घे."

"ती चालेल कशी, उम्मी?"

"माझ्यावर टेकून चालेल. या गाडीत ती वळणावर जाणार नाही."

रय्या दारातून बघत होती. ओठ चावलेले, कपाळ घामानं चिंब. "मी चालते," ती म्हणाली. "यारुब, तूही ये. राहू दे गाडी."

"आणि वळणाखाली तुला न्यायचं कशातून? अजून खूप रस्ता आहे," तो म्हणाला.

झुवैनानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. सून वाचवायची तर पोराला त्या वळणावर पाठवायचं. तिनं त्याची दाढी मुठीत धरली, लहानपणी कान धरायची तशी.

"डोंगराला घासत जा. आरसा मोडला तर मोडू दे, दार चेपलं तर चेपू दे. दार उघडं ठेव, पट्टा बांधू नकोस. काही झालं तर गाडी डोंगरात घाल. ऐकतोस ना?"

"ऐकतोय."

पायवाट दोनशे पावलांची होती. रय्या पाच पावलं टाके, मग कळ येई, मग सासूच्या गळ्यात हात टाकून वाकून उभी राही. झुवैना तिच्या कमरेला विळखा घालून एकेक पायरी पायानं चाचपत होती. "हा दगड हलतो, त्याच्यावर नको. इकडं. असं. रड, रड, कोण ऐकतंय? मला शिव्या द्यायच्या तर दे, आज सगळ्या माफ." रय्या कळेतच हसली आणि हसता हसता रडायला लागली.

वर, ढगात, गाडीचं इंजिन घुमत होतं. सावकाश. खडी करकरली. लोखंड दगडाला घासल्याचा आवाज आला. झुवैना थांबली. मान वर केली तर गाडीची फक्त काळी सावली दिसत होती, त्यांच्या डोक्यावर, वळणाच्या ऐन टोकाला.

आणि मग तो आवाज आला. फाडकन्. पाठोपाठ काहीतरी जड खाली आदळलं, खरडलं, दगड सुटले आणि पायवाटेच्या पलीकडून खळखळत खोल गेले. ते दगड तळाला लागल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

इंजिन बंद पडलं.

रय्या किंचाळली नाही. ती झुवैनाच्या हाताला नखं रुतवून उभी राहिली. झुवैना वर ढगात बघत श्वास मोजू लागली. एक श्वास. दोन. दहा.

"उम्मी!" वरून आवाज आला. "उम्मी, मी डोंगरात घातली!"

झुवैनानं सुनेला कमरेला धरून खाली बसवलं.

यारुब पायवाटेनं घसरत आला. कपाळ फुटून रक्त भुवईवर आलं होतं. डावं चाक मुडपून गाडीखाली गेलं होतं, म्हणाला, आणि नाक कड्यात रुतलं होतं. तो बायकोसमोर बसला आणि त्यानं तिचे दोन्ही हात धरले. रस्त्यापर्यंत त्यांनी रय्याला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं, तिथं झुवैनाची ओढणी अंथरली आणि वाट बघितली. मूल आडवंच होतं. झुवैनानं पोटावर हात ठेवून दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा बघायची तिला हिंमत झाली नाही. कळा जवळजवळ येत होत्या. रय्याच्या ओठांचा रंग जात होता. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. खालून माणसांचे आवाज आले तेव्हा झुवैनाला आधी ते खरे वाटले नाहीत. मग ढगातून स्ट्रेचरचं नारिंगी कापड दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुस्ताकच्या इस्पितळात खिडकीतून ऊन येत होतं. मुलगी झाली होती. बारीक, लाल, रागीट. रय्या पांढरी फटक पडली होती, पण झोपली होती, आणि डॉक्टरीण म्हणाली होती की अजून थोडा उशीर झाला असता तर दोघींचंही सांगता आलं नसतं. झुवैना ते ऐकून बाकावर येऊन बसली होती.

यारुब समोर उभा होता. कपाळाला पट्टी, कपड्यांवर अजून ग्रीस. त्यानं कॅन्टीनमधून आणलेला कहवा तिच्या हातात दिला. तिनं घेतला, प्यायली नाही.

"उम्मी, बोल ना काहीतरी. शिव्या दे. तू गप्प बसतेस त्याचीच जास्त भीती वाटते."

झुवैनानं कप बाकावर ठेवला.

"तोंड वर कर, आणि नीट ऐक, मी हे दुसऱ्यांदा सांगणार नाही. टायर तू लावलेस ते मिरवायला, आणि मोडलं तेव्हा लपवलंस. ती चूक तुझी. ती मी या वर्षी तरी विसरत नाही. पाणी ओतलंस ते मी ओरडले म्हणून, आणि तो आवाज ओळखूनही मी तोंड मिटलं ते माझ्या तोऱ्यापायी. ती चूक माझी, आणि ती माफ करायचा अधिकार तुला नाही. आपण दोघांनी मिळून त्या पोरीला कड्यावर नेऊन उभं केलं. आता ती जागी झाली की आत जायचं, तू आधी, मग मी, आणि टायरपासून पाण्यापर्यंत सगळं तिला सांगायचं. ती जी शिक्षा देईल ती अर्धी तुझी, अर्धी माझी. आणि त्या वेळी दात काढलेस ना, यारुब, तर तुझी अर्धीही मीच देईन."